काकूंच्या विहिरीचा भाव किती? (टेक्सासमधले तेल-वायूचे खनिज हक्क)

मैथिली
नमस्कार मंडळी. घरचा प्रश्न आहे, सविस्तर लिहिते.

आमचे काका डॉक्टर. १९७६ साली अमेरिकेत आले आणि पश्चिम टेक्सासात बिग स्प्रिंगला त्यांनी जन्मभर प्रॅक्टिस केली. १९८४ मध्ये त्यांच्या एका पेशंटला, कापूस पिकवणाऱ्या शेतकऱ्याला, पैशांची नड होती. काकांनी त्याच्याकडून विकत घेतला तो जमिनीखालच्या खनिजाचा हिस्सा, जमीन नव्हे. १६० एकरांतला एक अष्टमांश. पुढे तीसेक वर्षं काही झालं नाही. मग २०१५ च्या सुमारास कंपनीशी करार झाला, २०१८ मध्ये दोन विहिरी खोदल्या गेल्या आणि दर महिन्याला चेक यायला लागला. सुरुवातीला बराच मोठा, आता साधारण १,२०० डॉलर.

काका ऑगस्ट २०२३ मध्ये गेले. काकू ७९ वर्षांच्या आहेत आणि आता शुगर लँडला आमच्या शेजारी राहतात. गेल्या दोन महिन्यांत त्यांना सात पत्रं आली, "तुमचे मिनरल राइट्स आम्ही विकत घेऊ" अशी. सगळ्यात मोठा आकडा १,१०,००० डॉलर, आणि ३० दिवसांत सही करा म्हणतात. काकू मला विचारतात, "मैथिली, हा भाव बरोबर आहे का गं?" मला खरंच सांगता येत नाही.

एक निळी फाइल आहे. काका प्रत्येक चेकची पावती तीत लावायचे आणि कोपऱ्यात मराठीत लिहायचे: "विहिरीचे पैसे, मार्च." काकू रोज ती फाइल उघडून बसतात.

विकावं का? भाव कसा ठरतो? कुणाला अनुभव असेल तर कृपया लिहा.

ढगाळ
जमीन एकाची आणि जमिनीखालचं दुसऱ्याचं? हे पहिल्यांदाच ऐकतोय. वाचतोय.

सीमोल्लंघन
मैथिली, माझं स्पष्ट मत: विकू नका. जमीन विकू नये असं आजोबा सांगायचे, तेच जमिनीखालच्यालाही लागू. काही न करता पैसे येतायत, येऊ द्या.

कापूसकोंड्या
मी मिडलंडमध्ये चौदा वर्षं लँडमन आहे. म्हणजे काउंटीच्या दप्तरात बसून कुणाच्या नावावर काय आहे ते शोधायचं, हे माझं काम. बिग स्प्रिंग म्हणजे हॉवर्ड काउंटी. हा सगळा भाग मला चांगला माहीत आहे.

मैथिली, आधी ती पत्रं बाजूला ठेवा. ३० दिवसांची मुदत त्यांनी त्यांच्या सोयीने घातली आहे, कायद्यात अशी कुठलीही मुदत नाही. आज नाही विकलं तर पुढच्या महिन्यात विकता येतं.

तुमच्याकडे काय आहे ते आधी पाहू. १६० एकरांचा एक अष्टमांश म्हणजे २० नेट मिनरल एकर. सामाईक सातबाऱ्यावर आणेवारी असते तसं समजा. अमुक कोपरा काकूंचा असं नाही, सगळ्या १६० एकरांखाली त्यांचा दोन आणे हिस्सा. आता चेकच्या पावतीवर 'डेसिमल' नावाचा एक लांबलचक आकडा असेल, शून्य पूर्णांक शून्य शून्य काहीतरी. विहिरीच्या उत्पन्नातला तुमचा हिस्सा तो. तो आणि लीजमधली (कंपनीशी झालेल्या करारातली) रॉयल्टी, म्हणजे तेलाच्या पैशांतला मालकाचा वाटा, किती, हे दोन आकडे इथे लिहा. त्यांच्याशिवाय भावाबद्दल कुणी काहीही सांगितलं तरी ते अंदाजपंचे.

ढगाळ, तुमच्या प्रश्नाचं उत्तर: हो. इथे जमिनीचे दोन थर वेगळे विकता येतात, वरचा पृष्ठभाग आणि खालचं खनिज. टेक्सासात खनिजवाल्याचा हक्क वरचढ धरतात. तेल काढायला वाजवी तेवढी वरची जमीन वापरायचा त्याला अधिकार असतो, मग वर कापूस असो नाहीतर घर. स्पॅनिश राजवटीत जमिनीखालचं सगळं राजाचं असे आणि टेक्सासनेही तीच रीत पुढे चालवली होती. १८६६ च्या राज्यघटनेत ती सोडून खनिज जमीनमालकांना दिलं. त्यामागचा वाद मिठाचा होता बरं, तेलाचा नाही! एल साल देल रे नावाचं खाऱ्या पाण्याचं तळं होतं. स्पिंडलटॉपला तेलाचं कारंजं उडालं ते १९०१ मध्ये. मिठावरून दिलेल्या हक्कावर पुढे तेलाच्या पिढ्या जगल्या.

पारनेरकर
आणि इकडे आम्ही! शेततळं खोदलं, त्यातला मुरूम शेजारच्या रस्त्यासाठी द्यायचा होता, तर तहसील कार्यालयात परवानगी आणि वर स्वामित्वधन भरा. स्वतःच्या शेतातला मुरूम. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६, कलम ४८: खनिजं सरकारची. तलाठ्याने मला कलम तोंडपाठ म्हणून दाखवलं होतं.

बांदेकर
पारनेरकर, गोव्याला या. आमच्या डिचोली-सांग्यात पोर्तुगीजांनी खाणींची कन्सेशन्स कायमची देऊन ठेवली होती. १९८७ च्या कायद्याने ती रद्द होऊन लीज झाली आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने ८८ लीज एका निकालात मोडीत काढली. आमच्या वाड्यावरचे निम्मे ट्रक तेव्हापासून उभे होते. ज्याच्या भाटावर (बागायतीवर) खाण त्याला भाव ठरवायचा अधिकार कधीच नव्हता, त्याला मिळायची ती धूळ आणि नुकसानभरपाई.

तेलकट
मी ओएनजीसीत ३४ वर्षं काढली, त्यातली बरीचशी मुंबई हायवर. थोडं भूगर्भाबद्दल लिहितो, कारण भाव तिथेच ठरतो.

सीमोल्लंघन म्हणतात, पैसे येतायत तर येऊ द्या. पण ते कसे येतात ते पाहा. मुंबई हायला १९७४ मध्ये तेल लागलं, १९७६ पासून उत्पादन सुरू आहे. तिथे चुनखडीचा खडक आहे, त्यात तेल वाहू शकतं. खाली पाणी सोडून दाब टिकवला की क्षेत्र पन्नास वर्षं चालतं. हॉवर्ड काउंटीत वुल्फकँप आणि स्प्रेबेरीचे थर आहेत. त्या खडकातून तेल आपणहून वाहत नाही. अडीच किलोमीटर खाली जाऊन, मग आडवं तीन किलोमीटर वळून, पाणी आणि वाळू प्रचंड दाबाने घुसवून खडक तडकवावा लागतो. त्या फटींतून येईल तेवढं तेल येतं. पहिल्या महिन्यांत भरभरून, आणि वर्षाच्या आत ते निम्म्याच्याही खाली उतरतं. नंतर शेपटी लांब असते, पण बारीक.

मैथिली लिहितात की पहिला चेक मोठा होता आणि आता १,२०० आहे. ही तीच उतरंड. सात वर्षांची विहीर आता हळूहळू उतरेल, पण चढणार नाही. म्हणून आजच्या चेकला बारा महिने आणि वीस वर्षांनी गुणू नका. उलट, त्याच जमिनीखाली अजून नवीन विहिरी बसू शकत असतील तर आजचा चेक फसवा आहे, कमी दाखवतो. काकूंच्या बाबतीत यातलं काय खरं, ते शोधायचं.

चार्वी_ताई
तेलकट काका, किती सोपं करून सांगितलंत. मला प्रथमच कळलं.

ढगाळ
म्हणजे शेअर नव्हे, आंब्याचं झाड म्हणायचं. आणि पहिल्याच वर्षी निम्मा बहर देऊन मोकळं होणारं!

आर्लिंग्टनकर
आमचा अनुभव लिहितो. फोर्ट वर्थच्या जवळ राहतो, म्हणजे बार्नेट शेल या गॅसच्या खडकाच्या डोक्यावर. २००८ मध्ये गॅसची लाट आली होती. आमच्या कॉलनीत माणसं दारोदार फिरत होती. घरचा प्लॉट पाव एकराचा, आणि लीजचा बोनस (सही करताना मिळणारी रक्कम) एकरी वीस हजार डॉलरच्या वर गेलेला. आम्ही गल्लीतली साठ घरं एकत्र आलो, एका वकिलाला धरलं आणि मिळून भाव केला. एकेकटं बोललेल्यांना निम्मेही मिळाले नाहीत. ते बोनसचे पैसे मुलीच्या कॉलेजच्या पहिल्या सत्राला गेले.

मग गॅस कोसळला. जुलै २००८ मध्ये १३ डॉलरवर गेलेला भाव एप्रिल २०१२ ला दोनच्या खाली. माझा रॉयल्टीचा चेक पुढे महिन्याला ११ डॉलरवर आला. माझ्या शेजाऱ्याने २००८ मध्येच सगळे हक्क विकले होते, आम्ही त्याला वेडा म्हणत होतो. त्याचंच बरोबर ठरलं.

जाता जाता: टेक्सासात नवीन घर घेणाऱ्यांनी डीड (खरेदीखत) नीट वाचा. बहुतेक बिल्डर खनिज स्वतःकडे राखून ठेवतात. आमच्या पुढच्या गल्लीतल्या नव्या घरांना एक पैसाही मिळाला नाही.

मैथिली
सगळ्यांचे मनापासून आभार. कापूसकोंड्या, फाइल घेऊन बसले. पावतीवर आकडा ०.००३१२५०० आहे. आणि फाइलमध्ये लीजचा कागद सापडला, त्यात रॉयल्टी १/४ लिहिली आहे.

कापूसकोंड्या
मग जरा थांबा, कारण हे जुळत नाही.

दोन मैल लांबीच्या आडव्या विहिरीसाठी सहसा दोन सेक्शन (मोजणीतले ६४० एकरांचे चौकोन) जोडतात, १,२८० एकर. तुमच्याकडे २०. वीस भागिले १,२८० म्हणजे ०.०१५६२५. त्याला पाव रॉयल्टीने गुणलं तर ०.००३९०६२५ यायला हवं. तुम्हाला मिळतंय ०.००३१२५, म्हणजे पाचव्या हिश्शाच्या, २० टक्क्यांच्या हिशेबाने. एक तर कंपनीची चूक आहे, नाहीतर तुमच्या हातातला कागद तो नव्हे. तो सही केलेला आहे का? वर काउंटी क्लार्कचा नोंदणी शिक्का आणि खंड-पान क्रमांक आहे का? हॉवर्ड काउंटीचं दप्तर शोधा, काकांच्या नावाने.

दुसरं काम: टेक्सास रेलरोड कमिशनच्या वेबसाइटवर नकाशा आहे. (नाव रेल्वेचं, काम तेल-वायूचं. रेल्वेशी त्यांचा काही संबंध उरलेला नाही.) त्यावर तुमचं सेक्शन शोधा आणि नवीन परवाने निघालेत का बघा. दोन महिन्यांत सात पत्रं उगीच येत नाहीत.

सीमोल्लंघन
बघा! सात वर्षं कमी पैसे दिले कंपनीने. वकील लावा.

तेलकट
सीमोल्लंघन, घाई नको. आधी कागद पाहू दे.

हिशेबनीस
डॅलसमध्ये सीपीए (इकडचा सीए) आहे. कराची बाजू लिहितो, कारण इथे लोक हमखास पैसे घालवतात.

मैथिली, काकांनी १९८४ मध्ये किती दिले ते आता विसरा. वारशात मालमत्तेची मूळ किंमत, म्हणजे विक्रीतून जी वजा करून नफा मोजतात ती, मृत्यूच्या दिवशीच्या बाजारभावाला नव्याने लागते. टेक्सास कम्युनिटी प्रॉपर्टीचं राज्य आहे, त्यामुळे लग्नानंतर घेतलेल्या मालमत्तेत नवऱ्याचा अर्धा आणि बायकोचा अर्धा, दोन्ही अर्ध्या भागांना ही नवी किंमत लागते. म्हणजे काकूंची मूळ किंमत ऑगस्ट २०२३ चा भाव. तेव्हा २ लाख किंमत होती असं सिद्ध झालं आणि आज २ लाखांना विकलं, तर भांडवली नफा जवळपास शून्य. पण सिद्ध करायला कागद लागतो. मूल्यांकन करणाऱ्या पेट्रोलियम इंजिनिअरकडून ऑगस्ट २०२३ च्या तारखेचा अहवाल आताही करून घेता येतो. जरूर घ्या. माझ्या एका अशिलाने हे केलं नाही, जुन्या खरेदीखताची किंमत धरून रिटर्न भरलं, आणि फुकट कर भरला.

विकलं तर भांडवली नफ्याचा दर, ठेवलं तर दर महिन्याची रॉयल्टी सामान्य उत्पन्न. फक्त त्यातून १५ टक्के डिप्लीशनची (साठा संपत जातो म्हणून) वजावट मिळते, ती तुमच्या अकाउंटंटने घेतली आहे का बघा. टेक्सासचा तेलावरचा ४.६ टक्के उत्पादन कर चेकमधूनच कापलेला असतो, आणि उत्पादन सुरू असलेल्या खनिजावर काउंटीचा प्रॉपर्टी टॅक्स वेगळा. विकून दुसरी गुंतवणुकीची जागा घ्यायची असेल तर १०३१ एक्स्चेंजही (कर पुढे ढकलणारी अदलाबदल) चालतो, कारण खनिज ही स्थावर मालमत्ता धरली जाते.

पुणेरी_परतलेला
हिशेबनीस, मी ग्रीन कार्ड सोडून पुण्यात स्थायिक झालोय. ओक्लाहोमात सासऱ्यांकडून थोडं आलंय. आमच्यासाठी?

हिशेबनीस
तुमचं वेगळं. अनिवासी परदेशी व्यक्तीला रॉयल्टीवर सरसकट ३० टक्के कपात होते. ती टाळायची तर निव्वळ उत्पन्नावर कर भरण्याचा पर्याय रिटर्नमध्ये निवडावा लागतो. विकताना फिर्प्टा (परदेशी मालकाने अमेरिकेतली स्थावर मालमत्ता विकली तर लागणारा कायदा) लागू होतो, घेणाऱ्याला पूर्ण विक्री किमतीच्या १५ टक्के कापून आयआरएसकडे (तिथल्या आयकर खात्याकडे) भरावे लागतात, आणि जास्तीचे तुम्ही रिटर्न भरून परत मागायचे. भारतातही उत्पन्न दाखवायचं आहे. दोन्हीकडचा जाणकार सीए गाठा.

मैथिली, म्हणूनच विचारतो, काकूंची मुलं कुठे असतात?

मैथिली
एक मुलगा, बंगलोरला. भारतीय नागरिक. त्याला यातलं काहीच नको आहे, "आई, तू ठरव" म्हणतो.

नर्मदाकाठची
माझं वाईट झालेलं सांगते, कुणाचं तरी वाचेल. माझ्या यजमानांनी नोकरीच्या काळात ओक्लाहोमात थोडे हक्क घेतले होते. ते गेल्यावर एका खरेदीदाराचं पत्र आलं, सोबत कागद, आणि फोनवर गोड बोलणारा माणूस. मला वाटलं लीज आहे, तीन वर्षांनी परत येईल. कागदाच्या वर मोठ्या अक्षरात 'रॉयल्टी आणि लीज' असं काहीसं होतं, आत मात्र कायमचं हस्तांतर होतं. शिवाय खाली एक ओळ होती: या काउंटीतले माझ्या मालकीचे इतर सगळे हक्कही यात सामील. मला माहीतही नव्हतं की दुसरा एक तुकडा होता. तोही गेला. नवरा जाऊन चार महिने झाले होते, मी काय वाचत होते ते मलाच कळत नव्हतं.

मैथिली, काकूंना एकटीने कुठेही सही करू देऊ नका.

चार्वी_ताई
नर्मदाताई, वाचून गलबलून आलं. हे इथे लिहिलंत याबद्दल तुमचे आभार मानावे तेवढे थोडे.

कापूसकोंड्या
नर्मदाकाठची, फार वाईट वाटलं. हे आमच्या धंद्यातलं जुनं दुखणं आहे. 'काउंटीतले इतर सगळे हक्क' ही ओळ छोट्या तुकड्यांच्या नजरचुका भरून काढायला असते, पण ती मोठे तुकडे गिळायलाही वापरतात. विकणाऱ्याने ती खोडूनच सही करावी. आणि आणखी एक, काही जण पैशांऐवजी ड्राफ्ट देतात, "टायटल (मालकी) तपासून ३० दिवसांत वटेल" म्हणून. तोवर तुमची सही केलेली डीड त्यांच्या हातात. पैसे वायरने, टायटल कंपनीच्या किंवा वकिलाच्या एस्क्रोमधून (त्रयस्थाच्या खात्यातून), आणि त्याच दिवशी डीड.

ढगाळ
हा धागा माझ्या वाचनखुणांत. टेक्सास सोडा, मला शिरूरच्या जमिनीसाठी उपयोग होईल.

आर्लिंग्टनकर
अवांतर: पाणी आणि भूकंपाचं कुणी बोललं नाही. तेलासोबत वर येणारं खारं पाणी परत जमिनीत सोडतात, त्याने पर्मियनमध्ये (पश्चिम टेक्सासच्या तेलपट्ट्यात) धक्के बसतात. नोव्हेंबर २०२२ मध्ये रीव्ह्स काउंटीत ५.४ चा बसला होता. हक्क ठेवायचे की विकायचे, यात हेही मनात यावं असं मला वाटतं.

तेलकट
आर्लिंग्टनकर, मुद्दा रास्त आहे. मी जन्मभर तेल काढलं आणि तरी म्हणतो, त्या पाण्याचं नीट केलं नाही तर हा धंदा स्वतःच्या पायाखालचीच जमीन घालवेल. मिडलंडजवळ रेलरोड कमिशनने २०२१ पासून अशा पाण्याच्या विहिरींवर मर्यादा घातल्यात, ते चांगलं झालं.

मैथिली
मंडळी, दहा दिवसांनी येते आहे. बरंच काही कळलं.

एक, तो १/४ चा कागद काकांनी सही केलेला नव्हता. दुसऱ्याच एका कंपनीचा प्रस्ताव होता, काकांनी फाइलमध्ये ठेवून दिलेला. काउंटीच्या दप्तरात नोंदवलेलं लीज १/५ चं आहे. म्हणजे चेक बरोबर होता. सीमोल्लंघन, वकील लावला नाही ते बरं झालं.

दोन, रेलरोड कमिशनच्या नकाशावर आमच्या सेक्शनमध्ये दोन नवीन परवाने दिसतात, तीन महिन्यांपूर्वीचे. पत्रं सुरू झाली ती त्यानंतरच.

तीन, काकांचं मृत्युपत्र आहे, पण आम्ही ते कोर्टात नेलंच नव्हतं. डीड एकट्या काकांच्या नावावर आहे.

कापूसकोंड्या
मैथिली, उत्तम काम केलंत. क्रमाने सांगतो.

मृत्युपत्र आधी. टेक्सासात प्रोबेटला (मृत्युपत्र कोर्टातून मान्य करून घ्यायला) मृत्यूपासून चार वर्षं असतात, ऑगस्ट २०२७ च्या आत करा. नंतर त्याची प्रमाणित प्रत हॉवर्ड काउंटीत नोंदवा, वारस नोंद करतो तशी. कंपनीला कळवाल तेव्हा ते नाव बदलेपर्यंत पैसे सस्पेन्स खात्यात टाकतील. घाबरू नका, बुडत नाहीत, कागद पूर्ण झाले की एकरकमी येतात. उलट कुणी कळवलंच नाही आणि पैसे तीन वर्षं बेवारस पडले, तर ते राज्याच्या कंट्रोलरकडे, म्हणजे सरकारी तिजोरीत, जमा होतात. तिथून हक्क सांगून परत मिळतात, पण खेपा घालाव्या लागतात.

आता भाव. आमच्याकडे ढोबळ मानाने चालू उत्पादनाचे साधारण पाच वर्षांचे पैसे मोजतात. १,२०० गुणिले साठ, ७२,००० डॉलर. त्या पत्रातल्या १,१०,००० मधले उरलेले ३८,००० म्हणजे न खोदलेल्या तेलाचे पैसे. ते फार कमी आहेत. दोन नव्या विहिरी प्रत्येकी रोज सहाशे बॅरलने सुरू झाल्या आणि तेल ७० डॉलर धरलं, तर पहिल्या महिन्यात काकूंच्या हिश्शाला जवळपास ७,८०० डॉलर येतील, वर्षाने त्याचा तिसरा हिस्सा. पण परवाना म्हणजे विहीर नाही. परवाना दोन वर्षं चालतो, आणि खोदायचं की नाही हे कंपनी तेलाचा भाव बघून ठरवते. २० एप्रिल २०२० ला तेल उणे ३७ डॉलरवर गेलं होतं, तेव्हा इथल्या रिग (खोदाईची यंत्रं) उभ्याच्या उभ्या थांबल्या. ही जोखीम कुणी घ्यायची, त्याचा हा सौदा आहे.

किमान चार खरेदीदारांकडून लेखी भाव घ्या, एकमेकांचे आकडे त्यांना कळू द्या. आणि भाव 'नेट रॉयल्टी एकर'वर विचारा, तो एक अष्टमांश रॉयल्टीच्या मापात असतो. तुमचे २० एकर १/५ रॉयल्टीला म्हणजे ३२ नेट रॉयल्टी एकर. दोन माणसं वेगवेगळ्या मापात बोलली तर जास्त कोण देतोय ते कळत नाही.

सीमोल्लंघन
सात हजार आठशे महिन्याला! मग तर मुळीच विकू नका.

हिशेबनीस
सीमोल्लंघन, काकू ७९ वर्षांच्या आहेत. त्यांची सगळी मिळकत एका सेक्शनवर, एका कंपनीच्या मर्जीवर, एका वस्तूच्या भावावर आहे. आणि मुलगा बंगलोरला, त्याच्या वाट्याला पुढे फिर्प्टा आणि तीस टक्के. मी असतो तर सगळं विकलं असतं.

तेलकट
मी असतो तर अर्धं. अर्ध्याने काकूंची निश्चिंती होते, अर्ध्यात नव्या विहिरींचा वाटा राहतो.

पारनेरकर
तेलकट काकांशी सहमत. आमच्याकडेही बागायत ठेवून जिरायत विकतात.

मैथिली
सहा आठवडे झाले. प्रोबेट पूर्ण झालं, हॉवर्ड काउंटीत नोंद झाली. ऑगस्ट २०२३ च्या तारखेचं मूल्यांकन एका पेट्रोलियम इंजिनिअरकडून करून घेतलं. पाच जणांकडून भाव मागवले. सगळ्यात चांगला आला ६,५०० डॉलर प्रति नेट रॉयल्टी एकर, म्हणजे पूर्ण हिश्शाचे २,०८,०००. पहिल्या पत्राच्या जवळजवळ दुप्पट.

मी, काकू आणि व्हिडिओवर त्यांचा मुलगा, तिघं बसलो. काकू म्हणाल्या, "निम्मं विक. निम्मं यांच्या नावाचं राहू दे, मला त्या पावत्यांवर लिहायला आवडतं." मला माहीतच नव्हतं. ऑगस्ट २०२३ नंतरच्या पावत्यांवर अक्षर काकूंचं आहे. मी इतके दिवस काकांचंच समजत होते.

तर निम्म्याचे १,०४,००० ठरले. वायरने, टायटल कंपनीतून. 'काउंटीतले इतर सगळे हक्क' ही ओळ खोडायला सांगितली आहे. डीडचा मसुदा आज आला, शुक्रवारी सही. नर्मदाताई, सही करताना मी शेजारी बसणार आहे.

नर्मदाकाठची
डोळे भरून आले गं. काकूंना माझा नमस्कार सांग.

कापूसकोंड्या
मैथिली, अभिनंदन. पण सहीआधी एक गोष्ट. मसुद्यात किती हिस्सा लिहिलाय ते शब्दशः इथे टाका.

मैथिली
"१६० एकरांखालील तेल, वायू व इतर खनिजांतील अविभक्त १/२ हिस्सा."

कापूसकोंड्या
थांबा! हे चूक आहे. काकूंच्या मालकीचा एक अष्टमांश, त्यातला निम्मा विकायचाय. या वाक्याचा अर्थ होतो सगळ्या १६० एकरांचा निम्मा, ८० एकर. तेवढं त्यांच्याकडे नाही, म्हणून जे आहे ते सगळं, वीसच्या वीस एकर, जाईल. आणि वर हमी दिलेली असेल तर उरलेल्याबद्दल दावाही होऊ शकतो. लबाडी असेलच असं नाही, ही चूक आमच्याकडे नेहमी होते. १/१६ लिहून घ्या, आणि पुढे '१० नेट मिनरल एकर, त्याहून अधिक नाही' असं.

मैथिली
अरे बापरे. आत्ता वकिलांना फोन केला. त्यांनी मान्य केलं, उद्या सुधारित मसुदा येतो आहे, १/१६ आणि १० एकर असा. आल्यावर सहीआधी मसुदा इथे टाकते, मगच काकूंपुढे ठेवते.

तेलकट
टाका. आम्ही आहोत.